एक टिक कमी

सोमवार

डॉक्टर म्हणाले, रोज थोडं लिहून ठेवा, म्हणून लिहायला बसलो आहे. ही डायरी घड्याळाचे पट्टे बनवणाऱ्या एका कंपनीने भेट दिलेली, जुन्या वर्षाची, त्यामुळे वार जुळत नाहीत. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाने चुकीच्या तारखेखाली लिहिणं बरं दिसत नाही. छापलेली तारीख खोडून वर फक्त वार लिहीत जाईन.

प्रकरण असं आहे. मला लघवीचा जंतुसंसर्ग बरा होऊन पुन्हा पुन्हा होतो, आणि त्यापायी खडेही झाले आहेत. डॉक्टरांनी जंतूंवर एक औषध दिलं, पण ते म्हणे लघवी आंबट असेल तरच काम करतं. माझा चेहरा आंबट असतो असं अक्का रोज म्हणते, लघवी मात्र नाही. ती आंबट करण्यासाठी फॉस्फेटच्या गोळ्या दिल्या आहेत. शिवाय कागदाच्या पट्ट्यांची एक डबी. पट्टी लघवीत बुडवायची आणि रंग बघायचा. हिरवी-निळी झाली तर काम होत नाही, पिवळी-नारिंगी झाली तर होतंय.

मेडिकलवाल्या बाईंनी काउंटरवर वर्गच घेतला. "गोळी तशीच गिळायची नाही. ग्लासभर पाण्यात टाका, भिजू द्या, ढवळा, पूर्ण विरघळली की प्या. जेवणानंतर. दिवसभर पाणी भरपूर."

"आणि विसरलो तर?"

"तर पुढच्या वेळेला एकच घ्या. दोन एकदम नाही. पित्ताच्या गोळ्या घेता का? त्या हिच्याबरोबर नकोत, हिचं काम होऊ देत नाहीत. आणि मीठ कुठलं वापरता घरी? प्रेशरवाल्यांसाठी ते कमी सोडियमचं मिळतं ना, ते नको हं. त्यात पोटॅशियम असतं. या गोळीतही आहे. तुमची किडनी वयाच्या मानाने जरा मंद आहे, दोन्हीकडून आलं तर तिला बाहेर टाकता यायचं नाही."

म्हटलं, आमच्याकडे साधंच मीठ, आणि तेही पुष्कळ. तेवढ्यात मागे बेकरीवाला येऊन उभा राहिला. बाई मोठ्याने, "आणि लघवीचा रंग रोज बघताना," असं सुरू करणार, तोच मी पिशवी उचलली. "अहो, थांबा, अजून सांगायचंय. हाताला, ओठांना जर..." म्हणत होत्या. कळलं, कळलं, म्हणून मी बाहेर पडलो. बेकरीवाला उद्या पाव देताना माझ्याकडे कुठल्या नजरेने बघेल कोण जाणे.

अक्काला शक्तीच्या गोळ्या म्हणून सांगितलं. दाजी गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली. आम्ही दोघं एकाच घरात पोळत्या चहावरून भांडतो, पण लघवी हा विषय आमच्यात कधी निघालेला नाही आणि या वयात काढायचाही नाही.

बुधवार

पट्टी हिरवीच. पोट मात्र सैल झालं आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, सुरुवातीला होईल म्हणून. दुकान दोनदा बंद करून घरी पळावं लागलं.

दुकानात आज शिंपीणबाई आल्या, कोपऱ्यावर कपडे शिवतात त्या. रिक्षातून लंबकाचं घड्याळ आणलं होतं, मोठं, गडद लाकडाचं, काच शाबूत. पायरी चढून आल्या आणि आधी स्टुलावर टेकल्या, दम खाल्ला. म्हणाल्या, "एक टिक कमी वाजतं हो हे."

सवयीप्रमाणे मी पेटीच्या बाजूला कान लावला. आमच्या वस्तादांचा दंडक होता, आधी कान, मग स्क्रूड्रायव्हर. टिक-टिक अगदी सरळ होती. तसं सांगितलं, तर बाईंचं समाधान होईना.

"सासऱ्यांना ऐकू यायचं. मधेच थांबतं म्हणायचे. महिना नाही झाला, ते गेले. मग ह्यांना ऐकू यायला लागलं. मला तेव्हा काही ऐकू यायचं नाही. मी हसायचे ह्यांना." आता हेही नाहीत, असं म्हणून त्यांनी पदराने घड्याळाची काच पुसली. मी म्हटलं, ठेवून जा, तेलपाणी करतो. हसू आलं होतं पण दाबलं. गिऱ्हाईकाला हसू नये.

शुक्रवार

पट्टी पिवळी. नारिंगीकडे झुकणारी. सकाळी न्हाणीघरात उभ्याउभ्याच मला इतका आनंद झाला की अक्काने बाहेरून विचारलं, पडलास का.

रविवार

खडा पडला. मेडिकलवाल्या बाईंनी सांगितलं असेल किंवा नसेल, पण डॉक्टर म्हणाले होते की जुना असेल तर सुरुवातीला पडू शकतो. कळ आली ती आठवायची नाही. घड्याळाच्या काचेत ठेवून भिंगाखाली बघितला. करडा, टोकं टोकं असलेला. इतकी वर्षं माझ्या आत काय घडत होतं याचा मला पत्ताही नव्हता.

अक्का बाजारातून आली ती गालातल्या गालात हसत. पिशवीतून एक पाकीट काढून पदराआड केलं. मग स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून मिठाची बरणी भरत बसली. मी विचारलं, काय आणलंस एवढं चोरून. म्हणाली, "तुझं काय काम आहे स्वयंपाकघरात? जा, घड्याळं फिरव." वाढदिवस जवळ आला आहे माझा, काहीतरी गोड करणार असेल.

मंगळवार

जेवणाला चव नाही. भाजी किंचित कडवट लागते, खारट तर लागतच नाही. हे औषधाने होत असणार. मी वरून मीठ घेतलं, आणि आश्चर्य म्हणजे अक्का काही बोलली नाही. एरवी मिठाच्या बरणीकडे हात गेला की तिचा चेहरा उतरतो. दाजींना प्रेशर होतं आणि ते सगळ्यावर वरून मीठ घ्यायचे. ती ओरडायची, ते हसायचे, आणि एक दिवस ते जेवता जेवता पानावरच कलंडले. आज मात्र म्हणाली, "घे हवं तेवढं." माणूस वयाने मऊ होतो तो असा.

गुरुवार

पट्टी पुन्हा हिरवी. जीव खट्टू झाला. विचार केला तर काल जळजळ होत होती म्हणून दुपारी गोळीच्या पाण्यापाठोपाठ पित्ताची गोळी चघळली होती. बाईंनी सांगितलं होतं ते खरंच. पित्ताच्या गोळ्या उचलून टाकून दिल्या. यापुढे सगळं शिस्तीत. एवढी साधी गोष्ट पाळायला मला जमत नाही असं नाही.

सोमवार

पट्टी नारिंगी, एकदम शुद्ध. जळजळ थांबली, ताप नाही, लघवी स्वच्छ. डॉक्टरांनी रक्त तपासायला बोलावलं होतं. पण पट्टी रोज एवढं चोख सांगते आहे, मग सुई कशाला टोचून घ्यायची? पुढच्या आठवड्यात बघू.

शिंपीणबाईंचं घड्याळ उघडलं, धुतलं, तेल दिलं. दातेरी चाकाचा एकही दात झिजलेला नाही. जोडून भिंतीला टांगलं आणि कान लावला.

एक टिक चुकली.

परत लावला. बराच वेळ सरळ. मग पुन्हा, टिक, टिक, आणि मधे काहीच नाही, आणि मग एक जोरात. कान काढून लंबकाकडे बघितलं. लंबक सरळ हलत होता.

मंगळवार

हाताची बोटं सकाळपासून झोपलेली आहेत. मनगटी घड्याळाचा बारीक स्क्रू चिमट्यातून तीनदा निसटला. शेवटचा सापडलाच नाही. ओठांभोवतीही मुंग्या येतात, दातांच्या डॉक्टरकडून आल्यावर येतात तशा. दुकानात उकडतं आहे, त्यामुळे असेल.

टायमिंग मशीन काढलं. त्याचा चिमटा घड्याळाला लावला की ते टिक ऐकतं आणि कागदावर ठिपके मारतं. चाल सरळ असेल तर ठिपक्यांची सरळ रेघ येते. शिंपीणबाईंच्या घड्याळाची रेघ इतकी सरळ आली की फ्रेम करून लावावी. मशीन चालू असतानाच मी दुसऱ्या बाजूने कान लावला होता. मला एक टिक कमी ऐकू आली. कागदावर ती होती.

रेघेत खोट नाही. म्हणजे मशीन जे ऐकत नाही ते मी ऐकतो आहे.

गुरुवार

आता फक्त तेच घड्याळ नाही. दुपारी काउंटरवर डोकं टेकून बसलो होतो. भिंतीवरची दुरुस्तीला आलेली सगळी, गजराची, स्वयंपाकघरातली गोल, शाळेची मोठी, सगळी एकदम थांबली. श्वास धरल्यासारखी. मग सगळी एकदम सुरू झाली. मी मान वर केली तर सगळे काटे पुढे सरकत होते.

पोस्टमन पत्र द्यायला आला होता. त्याला विचारलं, आत्ता काही ऐकलंस का. म्हणाला, "इथे ऐकूच येत नाही काही, एवढी टिकटिक आहे. काका, तुम्ही पांढरे पडलाय." मी म्हटलं, ट्यूबलाइट आहे.

पट्टी नारिंगी. औषध तरी आपलं काम करतं आहे.

शनिवार

पाय शिशाचे झाले आहेत. पायरी चढताना खांबाला धरलं.

कानात कापूस घालून बसून बघितलं. बाहेरचा आवाज गेला, टिकटिक मात्र वाढली. अगदी कानाच्या आत. आणि मंद. टिक. मग बराच वेळ काही नाही. मला वाटायला लागलं की ते घड्याळ आता माझ्या मागे लागलं आहे. शिंपीणबाईंच्या घरातले पुरुष संपले, आता ते दुसरं घर शोधतं आहे. शाळेत असताना भुताला न घाबरणारा म्हणून माझा लौकिक होता. आता मी चौसष्ट वर्षांचा माणूस एका लाकडी पेटीकडे पाठ करून बसू शकत नाही. भीती वाटते आहे, हे लिहूनच टाकतो.

अक्काला काही सांगितलं नाही. ती माझ्या वाढदिवसाच्या तयारीत आहे. रात्री तिने सूप केलं होतं, वरून भरपूर मीठ घालून प्यायलो.

सोमवार, दुपारी

शिंपीणबाई घड्याळ न्यायला आल्या. मी खोटं बोललो, एक भाग यायचाय म्हणालो. ते घड्याळ त्यांच्या घरी पाठवायला माझं मन होईना, आणि दुकानात ठेवायलाही होईना. बाईंच्या चपलांचे बंद पायांत रुतले होते, घोटे सुजलेले. "उभं राहून राहून होतं," म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "तुम्हाला ऐकू आलं का हो?"

मी नाही म्हणालो. दुसरं खोटं.

त्या गेल्यावर मी ठरवलं. घड्याळ उघडलं, बोटांनी लंबक धरला, सोडला. तो सरळ लटकत राहिला. काटे थांबले. सुटलो म्हटलं. मग खात्री करावी म्हणून लाकडाला कान लावला.

आत वाजत होतं. मंद, जाड. टिक, टिक, आणि मधे भोक, आणि पुन्हा टिक.

मी शाळेचं घड्याळ बंद केलं. मग गोल. मग गजराची सगळी एकेक करून. दुकानात इतकी शांतता माझ्या आयुष्यात कधी झाली नव्हती. आणि त्या शांततेत ते वाजतच होतं. मी खुर्चीत बसलो, उठता येईना. तेवढ्यात अक्का डबा घेऊन येताना दिसली. बाकीचं नंतर लिहितो.

बुधवार, हॉस्पिटल

डायरी अक्काने आणून दिली. म्हणाली, "वाचली नाही." म्हणजे वाचली आहे.

राहिलेलं लिहितो. अक्का दुकानात शिरली आणि थबकली. सगळी घड्याळं बंद बघून तिला वाटलं असणार की मी गेलोच. मी म्हटलं, अक्का, हे बंद आहे तरी वाजतंय, ऐक. तिने डबा ठेवला आणि पेटीला कान लावला.

"काही नाही रे."

"नीट ऐक. मधेच थांबतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मला खोकला झाला की ती पाठीला कान लावून बघायची, आई कामावर असायची म्हणून. तशी ती माझ्या मागे आली, वाकली, आणि शर्टावरून पाठीला कान लावला. मग जरा डावीकडे सरकवला.

"बाळ्या," म्हणाली, "हे तुझं आहे."

मग तिने मला पूर्वीसारखं हाताला धरून उठवलं आणि बेकरीवाल्याला हाक मारली. बेकरीवाल्याने त्याच्या पावांच्या गाडीतून आम्हाला इथे आणलं. पिठाने माखलेला माझा शर्ट अजून खुंटीला आहे.

इथे छातीला वायरी लावल्या, रक्त घेतलं, आणि निकाल येताच सगळे धावायला लागले. रक्तात पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय मधेच थांबत होतं. शिरेतून औषधं दिली, रात्रभर एक नर्स मॉनिटरच्या पडद्याजवळ बसून होती. पडद्यावर एक रेघ धावत होती, वर-खाली, वर-खाली, मधेच सपाट. बिघडलेल्या घड्याळाची रेघ मी ओळखतो. मी डोळे मिटून घेतले.

गुरुवार, हॉस्पिटल

डॉक्टर अक्कासमोर विचारत होते, गोळ्या किती घ्यायचा, कशा घ्यायचा. मी सांगितलं, पाण्यात विरघळवून, जेवणानंतर, एकही जास्त नाही. "मग एवढं पोटॅशियम आलं कुठून?" म्हणाले. "मीठ बदललंय का?"

मी नाही म्हणालो. अक्का म्हणाली, "हो."

तिने पदराचं टोक तोंडाला लावलं. शेजारणीने सांगितलं होतं, प्रेशरवाल्यांसाठी नवं मीठ आलंय, कितीही खा. मला कळलं तर मी हट्टाने साधंच आणीन, म्हणून तिने ते गुपचूप जुन्या बरणीत भरलं होतं. "ह्यांच्या वेळेला हे मिळत नव्हतं," म्हणाली. "म्हटलं, निदान याला तरी. याला हवं तेवढं वरून घेऊ दे." मग ती रडली, आणि मलाही आवरलं नाही. तिच्या मायेपायी मी मरणाच्या दारात गेलो, आणि त्याचा अर्धा दोष माझा. मी लाजून शक्तीच्या गोळ्या म्हणालो नसतो तर तिने ते पाकीट मला दाखवलं असतं.

डॉक्टरांनी दोघांना समजावलं. गोळी वाईट नाही, मीठही वाईट नाही, दोन्ही एकाच माणसात आणि त्याची किडनी मंद, हे वाईट. पट्टी फक्त लघवी सांगते, रक्तात काय साठलंय ते सांगत नाही, म्हणून रक्त तपासायला बोलावलं होतं. मुंग्या, जड पाय, चुकणारी धडधड, यातलं एक जरी आलं तरी गोळी बंद करून तडक यायचं. मी म्हटलं, हे सांगायलाच मेडिकलवाल्या बाई मला हाका मारत होत्या. आणि ते घड्याळ? डॉक्टर हसले. "कान लाकडाला दाबून धरलात की आपलीच नाडी ऐकू येते."

शुक्रवार, आठवड्याने, दुकानात

बोटांत सगळं परत आलं आहे. हरवलेला स्क्रू काउंटरखाली सापडला. ती गोळी बंद. पुढे पोटॅशियम नसलेलं फॉस्फेट देऊन बघणार आहेत, तेही रक्त बघत बघत. घरी साधं मीठ, आणि तेही अक्काच मोजून वाढते. मी काही बोलत नाही. औषधाच्या पिशवीतलं प्रत्येक पाकीट आता टेबलावर मधोमध असतं, लघवीच्या पट्ट्यांसकट. लाजून झालं.

सगळी घड्याळं चालू केली. शिंपीणबाईंच्या घड्याळाला कान लावला. टिक-टिक, सरळ. दुपारपर्यंत तीनदा लावला. स्वतःचंच हसू आलं.

शनिवार

शिंपीणबाई आल्या. पायरीवर बसून दम खाल्ला, मग आत आल्या. मी मशीनवरची रेघ दाखवली.

"रेघ मला काय कळणार," म्हणाल्या, आणि पेटीला कान लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने तो उतरला.

"अजून चुकतंय की हो," म्हणाल्या. "आता बघा, थांबलं. आलं परत."

मी हात पुढे करून लंबक धरला. काटे थांबले.

"आता?"

त्यांनी डोळे मिटले. "चालूच आहे," म्हणाल्या. "हळू आहे, पण चालू आहे."

मी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मनगट हातात घेतलं. मघाशी जे त्यांनी लाकडात ऐकलं ते माझ्या बोटांखाली होतं. एक, दोन, आणि मधे काही नाही. बेकरीवाल्याला हाक मारली, गाडी काढ म्हटलं. बाईंना मी डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच सांगितलं, की घड्याळ ठीक आहे, आवाज तुमचा आहे, आणि वेळेवर गेलं तर दुरुस्त होतो, माझा झाला.

त्या वळून घड्याळाकडे बघायला लागल्या. पांढऱ्या झाल्या होत्या, पण घाबरून नव्हे.

"म्हणजे ह्यांचं पण असंच होतं?" म्हणाल्या. "हे रोज सांगायचे मला. आणि मी ते घड्याळ माळ्यावर नेऊन ठेवलं."

गाडी दाराशी येईपर्यंत मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.